खरखर थांबली तर हाक मार

हमीद, तू गेल्यापासून डबा नुसता खरखरतोय.

दुकानात वरच्या फळीवर, समयांच्या शेजारी, होता तिथंच आहे. त्याच्या आवाजानं बाजूची स्टीलची ताटं बारीक झिणझिणत राहतात आणि गिऱ्हाईक वैतागतं. परवा एक बाई म्हणाली, "आप्पा, बंद करा की हो ते, डोकं उठलं." मी म्हणालो, "बाई, तुम्हाला घागर घ्यायची हाय का डबा? मग घागर बघा." बाई तरातरा निघून गेली. तू असतास तर खो-खो हसला असतास. म्हणाला असतास, "सोम्या, दुकान तुझ्या तोंडामुळं चालत न्हाई बे, तुझ्या बापाच्या नावामुळं चालतं." खरंच आहे ते. तोंड वाजवायचं तिथं मी आयुष्यभर वाजवलं आणि एकदा, एकदाच, बोलायची खरी वेळ आली तेव्हा अंग काढून घेतलं. आज तेच लिहायला घेतलंय. तू वाचणार नाहीस, म्हणून हात जरा धजावतोय.

'कंपनी' हा शब्द तुझा. आमच्या भांड्यांच्या गोदामामागचं पत्र्याचं शेड, दोन टेबलं, एक सोल्डरिंगची कांडी आणि तू. त्या वर्षांत पेपर उघडला की कुठली तरी परदेशी कंपनी देशात आलेली असायची, पानभर रंगीत जाहिरात. तू रेडिओ दुरुस्त करता करता म्हणालास, "दारं उघडलीत म्हनं सरकारनं. मंग आपुन कावून भाईर उबं ऱ्हायचं?" नावासाठी नाणं उडवलं. तू जिंकलास, म्हणून हमीदचं 'हम' आधी आणि सोमनाथचं 'सो' मागून. हमसो. लोकांना नाव जपानी वाटलं आणि मी कुणाचीही समजूत घालायच्या भानगडीत पडलो नाही. उलट गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगायचो, "तंत्र तिकडचं हाय." आणि तेव्हा ते तंत्र आत शेडमध्ये बनियनवर बसून, दातात तार धरून कॉइल गुंडाळत असायचं.

काय सुंदर डबे बनवायचास रे. सुताराकडून आलेलं खोकं, आत स्पीकर, पुढं शाळेच्या गणवेशाचं उरलेलं खाकी कापड ताणून बसवलेलं. आणि सोबत तळहाताएवढी एक डबी, टेपरेकॉर्डरला लावायची. टेप ओसरीत वाजायचा आणि गाणं माडीवरच्या डब्यातून निघायचं, मधे तार म्हणून नाही. गिऱ्हाइकांनी त्या डबीला 'पिल्लू' म्हणायला सुरुवात केली आणि मग आपणही तेच म्हणायला लागलो. म्हातारी माणसं डब्याच्या खालून, मागून हात फिरवून तार शोधायची. एका आजोबांनी तर डबा उचलून हलवूनही पाहिला होता, आत कोण बसलंय म्हणून.

पहिला डबा चालू झाला त्या दिवशी तू मला एक गोष्ट शिकवलीस. पिल्लू बंद असलं की डबा खरखरतो. पिल्लूचं बटण दाबलं की डबा एकदम गप्प होतो, गाणं लावलेलं नसलं तरी. तू म्हणालास, "ध्यानात ठेव. खरखर हाय म्हंजी कुनी न्हाई. गप झाला म्हंजी पलीकडं मानूस हाय." मला ते उफराटंच वाटलं होतं. मी म्हणालो, "हमीद्या, माझ्या घरात तर बायको गप्प झाली की मी घाबरतो." तू म्हणालास, "मंग तुला समजंल लवकर."

समजायला फार वेळ लागला, हमीद.

आपल्या सगळ्या डब्यांची जागा एकच होती. रेडिओवर काट्याची जागा असते ना, तशी. ही कल्पना माझी. आता कुणी काहीही म्हणो, ती माझी होती. तुला प्रत्येक डबा आणि त्याचं पिल्लू वेगळ्या जागेवर बांधायचं होतं, आणि त्याला एकेका जोडीमागं अर्धा दिवस मोडायचा. मला घाई. मी म्हणालो, सगळे एकाच जागेवर ठेव, कुठलंही पिल्लू कुठल्याही डब्याला चालेल, दुरुस्तीलाही सोपं. तू म्हणालास, "अन् शेजारच्याचं गानं ह्याच्या घरात वाजंल, त्याचं काय?"

आणि वाजलंच. पण गंमत अशी की लोक खूश झाले! एका घरानं कॅसेट लावली की गल्लीतल्या चार घरांत ती वाजायची. बायकांनी आपसात वेळ वाटून घेतली. सकाळी कोपऱ्यावरच्या गुरवांकडची भक्तिगीतं, दुपारी तुझ्या भाचीकडची कव्वाली, दिवेलागणीच्या आधी शिंपीणबाईंकडच्या जुन्या गवळणी. उसनी साखर मागायला जातात तसं लोक दारातून ओरडून सांगायचे, "अगं, ती दुसरी बाजू लाव की!" मी लगेच दुकानावर पाटी रंगवून घेतली: एक कॅसेट, चार घरं. मी तुला कोपरानं ढोसून म्हणालो, "बघ. तुला अक्कल नाही धंद्याची." तू नुसता हसलास. तुझं ते हसणं मला हरल्याचं वाटलं. ते हरल्याचं नव्हतं, हे मला आता कळतं. तू माझा आनंद मोडायला तयार नव्हतास, इतकंच.

मग माझ्या डोक्यात माइक शिरला. मागं घर आणि पुढं दुकान असलेले लोक आपल्याकडं कमी का आहेत? गल्ल्यावर बसल्याजागी पिल्लूत बोललं की आत स्वयंपाकघरात हाक ऐकू जाईल, चहा बाहेर येईल. तेव्हा मात्र तू कांडी खाली ठेवलीस. अजून आठवतं, पुसून, नीट ठेवलीस.

"गान्याचं येगळं हाय, सोमनाथ," तू म्हणालास. सोम्या म्हणाला नाहीस. "गानं सगळ्यांचं आसतं. बोलनं ज्येच्या त्येच्या घरातलं. माइक लावायचा आसंल तर एक जागा चालनार न्हाई."

मी म्हणालो, "बटण आहे ना बंद करायला? लोकांना काय हात नाहीत?"

"बटन ऱ्हातं चालू. मानसं इसरत्यात."

"आधीच्या ऑर्डरी पुऱ्या करू, मग पुढच्या खेपेला बघू वेगळ्या जागेचं."

तू कांडी पुन्हा उचललीस आणि म्हणालास, "तू म्हनतो तर लावतो." वाद तिथं संपला असं मी धरून चाललो. तो आजवर संपलेला नाही. मी रोज दुकान उघडताना तुझ्याशी तो भांडतो आणि रोज तूच जिंकतोस.

पुढचं तुला सांगायला नको, पण मला एकदा सगळं ओळीनं लिहून काढू दे. आपल्याच गल्लीत कापडवाले विश्वनाथराव. त्यांच्या मुलीचं चौसाळ्याला ठरलं होतं. नवऱ्या मुलाची आत्या इथंच, त्यांच्यापासून चार घरं सोडून. दोन्ही घरांत हमसो. त्या दिवशी दुपारी विश्वनाथरावांच्या घरातलं पिल्लू चालू राहिलं, आणि मुलीची आई बहिणीजवळ मन मोकळं करत बसली. पोरीला लहानपणी दोनदा फिट आली होती, नंतर कधी नाही, पण तिकडं सांगावं की न सांगावं. रडत होती म्हणे बिचारी. चार घरं पलीकडं आत्याबाई शेंगा फोडत बसल्या होत्या आणि डबा त्यांच्या डोक्यावर बोलत होता.

आठ दिवसांत लग्न मोडलं.

विश्वनाथराव डबा हातात घेऊन शेडवर आले, मागं पंधरावीस माणसं. त्यांनी डबा आपल्या पायाशी आपटला. खाकी कापड फाटलं आणि स्पीकर घरंगळत माझ्या चपलेपाशी येऊन थांबला. "कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं. ते माझ्याकडंच बघत होते रे. माझ्या वडिलांचे मित्र. मला तोंड उघडायला पुरेसा वेळ मिळाला होता. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "काका, मी विकणारा माणूस. आतलं मेकॅनिकला ठाऊक."

तू माझ्याकडं एकदा पाहिलंस. रागानं पाहिलं असतंस तर बरं झालं असतं. मग तू पुढं झालास, हात पुसलेस आणि म्हणालास, "माज्या हातची चूक हाय, काका. पोरीची माफी मागतो."

त्यानंतर गावात सुरू झालं. म्हणे हमीदनं मुद्दाम तसे डबे केले, लोकांच्या घरातलं ऐकायला. त्या वर्षांत तुझ्यासारख्या नावाच्या माणसाबद्दल असलं काही बोलायला लोकांना फार कष्ट पडत नव्हते. तुझ्याकडं रेडिओ येणं थांबलं. तू घरोघर जाऊन, शिव्या ऐकत, प्रत्येक पिल्लूतला माइक स्वतःच्या हातानं कापून काढलास, म्हणजे पुढं फक्त गाणं जाईल, बोलणं जाणार नाही. मी तुझ्यासोबत एकाही दारात आलो नाही. दुकानात बसून होतो. मग तू सायकलवर पेटी बांधून चकलांब्याच्या बाजाराला बसायला लागलास, कुठल्या कुठं, लोकांच्या टॉर्चा आणि घड्याळं दुरुस्त करत. शेडला मी कुलूप लावलं. आपण बोलणं बंद केलं, म्हणजे भांडून नाही. तू समोरून आलास की मी भांडी पुसायला लागायचो.

माइकवाली दोनच पिल्लं उरली. एक तुझ्याकडं, एक माझ्याकडं, आपण करून बघायला बनवलेली पहिली जोडी. माझं मी ड्रॉवरमध्ये टाकलं. डबा मात्र फळीवर चालू ठेवला. लोकांना सांगायचो, गल्लीतलं गाणं येतं त्यात. खोटं. गाणं तर समोरच्या केशकर्तनालयातल्या डब्यातूनही ऐकू यायचंच.

एके दिवशी दिवेलागणीला मी समईला तेल घालत होतो आणि डबा गप्प झाला. गाणं नाही, काही नाही. ताटं झिणझिणायची थांबली. गाणं लावायचं नसताना पिल्लू दाबणार कोण? ज्याच्याकडं माइकवालं आहे तोच. म्हणजे तू. मी तेलाची बुधली हातात धरून उभा राहिलो. एखादं मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. मग पुन्हा खरखर.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. सव्वादोन वर्षं, हमीद! चकलांब्याहून येऊन, हातपाय धुऊन, मगरिबच्या अजानआधी तू पिल्लू चालू करायचास आणि काहीही बोलायचा नाहीस. मी खाली टाचा उंचावून उभा. कधी तुझा श्वास आल्यासारखा वाटायचा, कधी मागं रजियाभाभींच्या भांड्यांचा आवाज. एकदा तू खोकलास आणि मी इथं दुकानात बोलून गेलो, "औषध घे बे." ते तुला कसं ऐकू जाणार? त्यासाठी मला ड्रॉवर उघडायला हवा होता. किंवा चालत यायला हवं होतं. माझ्या दुकानापासून तुझं घर किती लांब? चहा गार व्हायच्या आत पोचतो माणूस.

मी स्वतःला समजावत राहिलो की तू मशीन तपासतोयस. मेकॅनिक माणूस, सवय असते. दुसरा विचार मनात आला की मी गिऱ्हाइकावर ओरडायचो.

मग त्या दिवशी दिवेलागण झाली आणि डबा थांबलाच नाही. अजान झाली, खरखर चालूच. मी म्हणालो, बाजाराला उशीर झाला असेल. समोरचा न्हावी रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "आप्पा, हमीदभाई गेले. छातीत कळ आली, सायकलवरनं उतरून झाडाखाली बसले ते बसलेच."

बसलेच म्हणाला आणि मला तुझा तो विनोद आठवला. आमच्या समाजातही पुरतात, पण बसवून, आणि तुमच्यातही. तू म्हणायचास, "आपुन दोगंबी मातीतच जानार सोम्या, पन मी झोपून अन् तू बसून. तुमी लोकं मेल्यावर बी गल्ल्यावर बसल्यावानी बसता." किती हसलो होतो. कब्रस्तानात मी सगळ्यात मागं उभा होतो. माझी पाळी आली तेव्हा तीन मुठी माती टाकली. तिसरी मूठ काही केल्या उघडेना. तुझ्या मेव्हण्यानं माझा हात धरून ती उघडली.

काल तुझ्या घरी गेलो. खरं तर भाभींनी बोलावलं म्हणून गेलो, आपणहून कुठला जातोय मी. तुझ्या कोनाड्यात तुझा डबा होता. चालू होता. खरखरत होता. मला वाटलं, घाईगडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नसेल. मी बंद करायला हात पुढं केला तर भाभी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भैया. त्यो बंद करायचा न्हाई."

मी विचारलं, "कावून?"

"त्येंनी सांगून ठिवलं हाय. दिसभर चालू ऱ्हायचा. पोरी लई कावायच्या, अब्बा डोकं दुखतंय म्हनून. तर ते म्हनायचे, चालू ऱ्हाऊ दे. मी कामात आसलो, नमाजला आसलो, कुटं बी आसलो, खरखर थांबली तर मला हाक मार."

मी खाली बसलो. भाभी पाणी आणायला उठल्या आणि दारात थांबून म्हणाल्या, "सांजच्याला सोता बटन दाबून बसायचे. मी म्हनायची, बोला की मंग. तर म्हनायचे, मी बोललो तर त्येला लाज वाटंल. त्यो बोलू दे आदी. म्या हाय एवडं त्येला कळलं म्हंजी बास." मग त्यांनी मला विचारलं. सरळ, माझ्या तोंडाकडं बघत विचारलं. "भैया, तुमच्याकडं बी ती डबी हाय न्हवं?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

हमीद, सव्वादोन वर्षं तू खरखर ऐकत बसलास. माझ्यासाठी. आणि मी तुझं गप्प राहणं ऐकत बसलो आणि त्याला मशीनची तपासणी म्हणालो. असा कसा रे मी? तू मला लाज वाटू नये म्हणून जपलंस आणि मला लाज वाटायला तुला जावं लागलं.

आज दुपारभर मी ड्रॉवरपुढं बसून होतो. दिवेलागणीला ते पिल्लू काढलं. सेल गळले होते, नवे घातले. आपला डबा आधी बंद केला, नाहीतर शिट्टी येते, तूच शिकवलेलं. मग बटण दाबलं. तुझ्या कोनाड्यातली खरखर आता थांबली असेल, हे मला माहीत होतं. आणि दुसरंही माहीत होतं. आपल्या सगळ्या डब्यांची जागा एकच आहे. गुरवांकडं, शिंपीणबाईंकडं, आत्याबाईंकडं, जिथं जिथं हमसो अजून जिवंत आहे तिथं तिथं माझा आवाज जाणार. तुला करायचं होतं ते वेगवेगळ्या जागेचं काम मी होऊ दिलं असतं, तर आज मला फक्त तुझ्याच घरात बोलता आलं असतं. माझ्याच हट्टानं मला गावासमोर उभं केलं.

मी म्हणालो, "मी सोमनाथ भांडीवाला बोलतोय. हमसोच्या डब्यांत जी चूक झाली ती हमीदची नव्हती. सगळे डबे एका जागेवर ठेव असं मी म्हणालो. माइकही मीच लावायला लावला. तो नको म्हणत होता. त्यानं कुणाच्या घरातलं कधी काही ऐकलं नाही. त्या दिवशी त्यानं माझी चूक स्वतःवर घेतली आणि मी घेऊ दिली."

समोरून मलाच माझा आवाज ऐकू येत होता. न्हाव्याच्या डब्यातून. पातळ, म्हाताऱ्या माणसाचा असावा तसा. न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात आला, त्याच्यामागं अर्ध्या गालाला साबण लावलेला माणूस. गुरवीणबाई खिडकीत आल्या. मला वाटलं होतं मी रडेन, पण मी एवढंच म्हणालो, "हमीद, उशीर केला बे. माफ कर." आणि बटण सोडलं.

मग आपला डबा चालू केला. खरखर. ताटं झिणझिणायला लागली. कुणी नाही म्हणजे कुणी नाही, तूच तर सांगितलं होतंस. मी समईची वात पुढं सारली, काडी ओढली.

आणि डबा गप्प झाला.

गाणं नाही, श्वास नाही, भांड्यांचा आवाज नाही. ताटं थांबली. हातातली काडी जळत बोटापर्यंत आली तरी मला सोडवेना. भाभी असतील. तुझं पिल्लू त्यांच्याकडंच आहे, त्यांनीच दाबलं असेल, दुसरं कोण दाबणार? मी मनाला हजारदा सांगितलं. तरी मी वाट बघत होतो की तू खोकशील.

सव्वादोन वर्षं मी हीच शांतता ऐकत इथंच, याच फळीखाली राहिलो होतो. आज राहिलो नाही, हमीद. दुकान उघडं टाकलं, चपला पायांत सरकवल्या आणि तुझ्या घराकडं चालायला लागलो.